वेसाव्याच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण नात म्हणाली, मी वाचून दाखवीन, म्हणून लिहायला बसले. नाव घालायचं नाही ही तुमची अट, ती पाळते. पहाटे खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन किनाऱ्याने जाणारे वेसाव्यात तुम्ही एकटेच थोडे आहात, तेव्हा काळजी नसावी. समोर उभं राहून आभार मानायला गेले की तुम्ही "चल चल, पाणी फिरलं" म्हणत निघून जाता. म्हणून हे असं, सगळ्यांदेखत.

मी या किनाऱ्यावर यायला लागले ती कासवांमुळे. २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या, म्हणजे आपल्या वेसाव्याच्याच, वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं निघून समुद्रात गेली, ती बातमी वाचली आणि दुसऱ्याच रविवारी आले. कासव काही दिसलं नाही. पाखरं दिसली, आणि मग रविवार चुकेनासा झाला. पण बघायचं कसं ते कळायला तुमची गाठ पडावी लागली.

पहिली भेट तुम्हाला आठवत असेल-नसेल. मला लख्ख आठवते. जानेवारीतली सकाळ, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी पार लांब गेलेलं. मी नुकतीच दीडशे-सहाशेची लेन्स घेतली होती, दोन वर्षं पैसे साठवून. ओल्या वाळूवर चिखल्यांचा (इंग्रजीत प्लोव्हर) मोठा थवा उतरला होता आणि मला उडत्या थव्याचा फोटो हवा होता, म्हणून मी त्यांच्या अंगावर धावून जात होते. थवा उठायचा, पाण्यावरून गिरकी घ्यायचा, सगळी पांढरी पोटं एकदम चमकायची, आणि शंभर पावलांवर पुन्हा उतरायचा. मी परत धावायचे. चौथ्यांदा निघाले तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "अगो बाय, जेवत्या ताटावरून किती वेळा उठवशील त्यांना?"

खरं सांगते, मला राग आला. मनात म्हटलं, हे स्वतः मासे मारतात आणि मला पाखरांची दया शिकवतात. तुम्ही वाद घातला नाहीत. जाळं खाली ठेवलंत, ओल्या वाळूवर फतकल मारलीत आणि हातानेच खूण केलीत, बस. मी बसले. पँट भिजली, वारा बोचत होता. पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग थव्याच्या कडेचा एक चिखल्या आपल्याकडे सरकला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता आपण दोघं थव्याच्या मधोमध.

चिखल्याची जेवायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुरुतुरु पाच-सहा पावलं धावायचं, खिळल्यासारखं थांबायचं, मान किंचित तिरकी करायची आणि मग एकच टोच. डोक्याच्या मानाने डोळे केवढे! भक्ष्य नजरेने हेरायचं असतं ना. शेजारी तुतवार शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वाळूत वर-खाली करत होते. त्यांचा सगळा शोध चोचीच्या टोकाने, चाचपून. वाळूवर खेकड्यांनी करून ठेवलेल्या मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरली होती, त्यातून चिखल्यांची तीन बोटांची पावलं उमटत चालली होती. एकाने किडा धरला, लालसर, दोऱ्याएवढा. जोरात ओढला असता तर तुटला असता. त्याने जरा ओढला, थांबला, पुन्हा ओढला. किडा रबरासारखा ताणत ताणत शेवटी अख्खा बाहेर आला. हे सगळं चार हातांवर. इतक्या जवळ, की माझी एवढी मोठी लेन्स फोकस धरेना.

"लांबून आलीत ती," तुम्ही म्हणालात, "खाऊ दे." किती लांबून, ते मी घरी येऊन वाचलं. त्यातले बरेचसे चिखल्या हिमालयापलीकडच्या तिबेट-लडाखच्या पठारांवरून उतरलेले. बाकदार चोचीचे कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या पार उत्तर टोकाकडून. आणि त्यांच्या पायांत लुडबुडणारा लिटल स्टिंट, ज्याला तुम्ही "बारका" म्हणता, तोही उत्तर ध्रुवाकडच्या त्याच थंड प्रदेशातून. वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाने ही येतात तो तीस देशांवरून जातो. आणि इथे आल्यावर जेवायला काय मिळतं? पाणी उतरतं तेवढाच वेळ. दिवसातून दोनदा वाळू आणि चिखल उघडा पडतो, त्या तासांत पोट भरायचं. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाची चरबीही त्यातूनच साठवायची. त्या दिवसांत चिखल्याची छाती विटकरी होते आणि डोळ्यांवरून काळा पट्टा येतो, म्हणजे निघायची तयारी. अशा पाखराला मी एका सकाळी तीनदा उठवलं होतं. तुम्ही आडवे आला नसता तर अजून किती वेळा, कोण जाणे.

आता तुमच्या तिथीच्या हिशेबाबद्दल. खरं ऋण त्याचं आहे.

तोवर मी माझ्या सवडीने यायचे. कधी पाणी भिंतीला टेकलेलं, कधी इतकं लांब की पाखरं म्हणजे नुसते ठिपके. मी नशिबाला बोल लावायचे. तुम्ही एकदा होडीच्या सावलीत बसून विचारलंत, "आज तिथी कुठली?" मला काय ठाऊक! मी फोन काढला. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तिथीची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला, अवसेला सव्वाअकराच्या पुढेमागे. भरतीत सहा तास मिळवले की सुकती. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मी महिनाभर भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे व्हायचं, पण काका, एकाही सकाळी तुमचा हिशेब मला रिकाम्या हाताने पाठवणारा निघाला नाही. शिवाय तक्त्यातल्या आकड्यांवरून मला उमगलं नव्हतं ते तुम्ही सांगितलंत: अवस-पुनवेला उधाण, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

फोटो काढणाऱ्यासाठी हे सोनं आहे. आपला किनारा मावळतीकडे तोंड करून. सकाळी ऊन आपल्या पाठीवर असतं आणि पाखराच्या अंगावर पडतं. म्हणून द्वादशी-त्रयोदशीची सकाळ धरायची. भरती नऊ ते पावणेदहाची. सातला जाऊन कोरड्या-ओल्या वाळूच्या सीमेवर पालथं पडायचं, कोपर वाळूत रोवायचे, लेन्स पाखराच्या डोळ्याच्या उंचीला आणायची, आणि हलायचं नाही. चढतं पाणीच पाखरांना तुमच्याकडे घेऊन येतं. आपण एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. उलट खडकांतलं बघायचं असेल तर द्वितीया-तृतीया, तेव्हा सकाळी आठच्या सुमाराला पाणी तळाला असतं. तो गळ्याशी पांढरा, बाकी सगळा पाटीसारखा काळा असलेला समुद्री बगळा मला तसाच मिळाला, पिवळी बोटं पाण्यात हलवून मासे उठवताना. आता जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी मोजणी करते तेव्हाही वेळ तुमच्याच हिशेबाने ठरवते, कारण भरतीला सगळी पाखरं उरल्यासुरल्या कोरड्या पट्ट्यावर गोळा होतात आणि मोजायला सापडतात. बरोबरचे विचारतात, कुठलं ॲप वापरतेस? मी सांगते, वेसाव्याचं.

खाडीच्या तोंडाशी मी गुडघाभर गाळात रुतले तो दिवस लांबवत नाही. कॅमेरा डोक्यावर धरून मी पाय ओढत होते आणि आणखी खाली जात होते. तुम्ही फळी टाकलीत, म्हणालात, "उभी राहू नको, आडवी हो." झाले. निघाले. त्यानंतर मी एकटी तिकडे गेलेली नाही, हे वचन अजून मोडलेलं नाही.

पण फेब्रुवारीतली ती सकाळ सांगायलाच हवी. मासे वाळवायच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, त्यांच्या पलीकडच्या वाळूत एक चिखल्या एका पायावर उड्या मारत होता. तशी ती एका पायावर उभी राहतात, मला वाटलं विश्रांती घेतोय. दुरून फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला, आणि पायाशी केसासारखं काहीतरी चमकलं. तंगूस, गळाची-जाळ्याची नायलॉनची बारीक दोरी. तिचं दुसरं टोक वाळूत पुरलेल्या जाळ्याच्या तुकड्यात अडकलेलं, त्यामुळे तो उडायला जायचा आणि हातभर वर जाऊन खाली आपटायचा.

मी हाक मारली. तुम्ही आलात, खांद्यावरचा पंचा अलगद त्याच्यावर टाकलात. डोळ्यांवर अंधार आला तसा तो गप्प झाला. मग तो माझ्या ओंजळीत दिलात. वजन जवळजवळ नव्हतंच, फक्त ऊब, आणि त्या उबेच्या आत इतकं भराभर धडधडत होतं की माझ्याच हाताला कंप सुटला. तंगूस मांसात रुतली होती, घोट्याच्या वर सात-आठ वेढे. तुमची जाळं कापायची सुरी फार मोठी, माझ्या पिशवीत नेलकटर निघालं. खाऱ्या पाण्याने भेगाळलेली तुमची जाड बोटं, आणि त्या बोटांनी तुम्ही एकेक वेढा असा सोडवलात जशी जाळ्याची गाठ सोडवतात, न ओढता, आधी सैल करून. शेवटचा वेढा निघेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग ती तंगूस बोटाला गुंडाळून खिशात घातलीत आणि म्हणालात, "हे आमचंच."

मी ओंजळ वाळूवर टेकवली. तो क्षणभर तसाच बसला, मग लंगडत चार पावलं गेला आणि उडाला.

"हे आमचंच" म्हणायची तुम्हाला गरज नव्हती. ती तंगूस गळ टाकायला येणाऱ्या कोणाचीही असू शकत होती. पण त्या दिवसापासून तुमच्या कमरेला एक जुनी पिशवी असते, आणि सुकतीला सापडेल तेवढी तंगूस तुम्ही त्यात भरता, हे मी लांबून पाहते. आता तुमच्या आळीतली दोन पोरंही भरतात. पडद्यावर मोठा केलेला तो फोटो मी छापून घेतला आहे. गळ टाकायला बसलेल्यांना दाखवते, आमच्या सोसायटीतल्या मुलांना दाखवते. त्यात पाखरू काही सुंदर आलेलं नाही, मान खाली, पिसं विस्कटलेली. तरी माझ्या सगळ्या फोटोंत कामाला आलेला तोच एक.

थंडीत कुरव, म्हणजे सीगल, आले की लोक त्यांना फरसाण टाकतात, थवा अंगाशी आला की सेल्फी घेतात. मासे खाणाऱ्या पाखराच्या पोटात तळलेली शेव! मला ते बघवत नाही. पूर्वी मी भांडायचे, आता तुमच्यासारखी शेजारी जाऊन बसते आणि दुर्बीण पुढे करते. कुरव लाटेवरून मासा कसा उचलतो ते एकदा पाहिलं की बरेच जण पुडी बांधून ठेवतात. भटकी कुत्री आणि वाळूवर आणलेल्या गाड्या यांच्यापुढे मात्र अजून माझं काही चालत नाही. त्यावर तुमच्याशी बोलायचं आहे.

आणि एक बातमी. गेल्या आठवड्यात, वलांडीपलीकडेच, चिखल्यांचे पहिले थवे उतरलेत. त्यात एक किंचित लंगडतो. पायावर घोट्याच्या वर फिकट वळ दिसतो. तोच आहे असं मी म्हणणार नाही, पायात कडं नाही की खूण नाही. पण ही पाखरं हिवाळ्याला पुष्कळदा त्याच किनाऱ्यावर परततात हे खरं, आणि जाळ्याच्या गाठीइतकी बारीक नजर माझी नाही, तुमची आहे. तुम्ही एकदा बघा.

येत्या त्रयोदशीला पावणेदहाची भरती. सातला मी तुमच्या होडीपाशी असेन. चहा मी आणते, काकूंना उठवू नका.

तुमची,
फोटोवाली बाय