पोर्शे ९३० की टोयोटा सुप्रा?

पुणे

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पोर्शे ९११ टर्बो, म्हणजे ९३०, आणि चौथ्या पिढीची टोयोटा सुप्रा यांपैकी संग्रही ठेवण्याजोगी कोणती, असे विचारून तू दोघींच्या अश्वशक्तीचे आकडे मांडले आहेस. त्या आकड्यांवर निवाडा करू नकोस, असे मी मनापासून सांगेन. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून त्याची ताकद चाकांवर येईपर्यंत जो वेळ जातो, म्हणजेच लॅग, त्याचे दोन्हीकडच्या अभियंत्यांनी काय केले, यात खरा फरक आहे.

९३० ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यामागे ९१७ या शर्यतीच्या गाडीवर झालेले टर्बोचे काम होते. तीन लिटरचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन, एकच टर्बो आणि २६० अश्वशक्ती. दाब वाढल्यावर नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.५ इतका खाली ठेवला होता; त्यामुळे कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना, हे इंजिन मरगळलेले वाटते आणि टर्बो भरला की सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येते. गिअर चारच, तेही लांब पल्ल्याचे. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे भर वळणात घाबरून पाय उचलला, तर मागची बाजू बाहेर फेकली जाते. म्हणून जाणता चालक वेग वळणाआधीच उतरवतो आणि टर्बोला लागणारा वेळ हिशोबात धरून, वळण संपण्यापूर्वीच पुन्हा पाय द्यायला लागतो. १९७८ मध्ये ३.३ लिटरचे इंजिन आणि टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, ताकद ३०० झाली. तरी मला मागे रबरी कडेचा पंखासारखा स्पॉयलर असलेली पहिली तीन लिटरचीच अधिक प्रिय आहे.

१९९३ मध्ये आलेल्या सुप्राने हीच अडचण दोन टर्बो वापरून सोडवली. तिच्या २जेझेड-जीटीई इंजिनात सुरुवातीला सगळा एक्झॉस्ट एकाच टर्बोकडे जातो, म्हणून तो लवकर भरतो. पुढे थोडा एक्झॉस्ट दुसऱ्याकडे वळवून त्याला आधीच फिरते केले जाते, आणि ४,००० आरपीएमच्या आसपास दोन्ही मिळून काम करू लागतात. जपानमध्ये तिची ताकद २८० सांगितली जाई, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसात तेवढी मर्यादा ठरवून घेतली होती. तिचा सहा गिअरचा गिअरबॉक्स गेट्राग या कंपनीचा, म्हणजे जर्मनच.

पुढे जे झाले त्याची मला फार हळहळ वाटते. बिडाचा ब्लॉक इतका दणकट, की मूळच्या दुप्पट ताकदही तो पेलतो. तेव्हा असंख्य मालकांनी दोन्ही टर्बो काढून एकच भला मोठा टर्बो बसवला. आकडे वाढले, पण टोयोटाने कष्टाने घालवलेला लॅग परत आला, आणि विचाराने ही गाडी थेट १९७५ सालच्या पोर्शेपाशी जाऊन पोचली. ९३० चे तसे नाही. तिचा लॅग तिच्या मूळ घडणीतच आहे आणि तो जपणे म्हणजेच ती गाडी जपणे.

यंत्र म्हणून सुप्रा सरस आहे, आणि मूळ स्थितीतली सापडत असेल तर मी तीच निवडेन. तशी नसेल, तर निःशंकपणे ९३०. तू बघायला जाशील तेव्हा बॉनेट उघडून मूळचे दोन्ही टर्बो आणि त्यांच्या झडपा चालवणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या जागेवर आहेत का, ते आधी पाहा आणि मला लगेच कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
सुधीर