डोमेन कंट्रोलर सक्तीने काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हर देखभाल विभाग

विषय: अपुरे डिमोशन (सर्व्हरचे डोमेन कंट्रोलरपद काढणे) विनामूल्य पूर्ण करून देणे.

महोदय,

आमचा जुना विंडोज सर्व्हर २०१६ डोमेन कंट्रोलरच्या (नेटवर्कमधली खाती व लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) कामातून मोकळा करून स्वतंत्र सर्व्हर म्हणून द्यावा, असे काम आपल्याला दिले होते. शनिवारी आपल्या अभियंत्याने 'फोर्स द रिमूव्हल' या चौकटीत खूण करून ते उरकले. हा पर्याय दुसऱ्या कंट्रोलरशी संपर्कच होत नसेल तेव्हाचा आहे. आमचा दुसरा कंट्रोलर चालू होता. साधे डिमोशन केले असते, तर जुन्या सर्व्हरकडचे रोल (प्रत्येकी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या पाच खास जबाबदाऱ्या) त्याच्याकडे गेले असते; मग सर्व्हर डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये (डोमेनबाहेरच्या साध्या गटात) टाकायचा, एवढेच उरले असते.

'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' ही रोल कोणाकडे आहेत ते दाखवणारी आज्ञा चालवल्यावर आजही पाचही रोल त्या काढलेल्या सर्व्हरच्याच नावावर दिसतात. ग्रुप पॉलिसी (संगणकांच्या सामायिक सेटिंग्ज) उघडली की पीडीसी (त्या पाचांपैकी एक रोल सांभाळणारा कंट्रोलर) सापडत नसल्याचा संदेश येतो. नवीन युजर अजून बनतात म्हणून गाफील राहू नये: आरआयडी (नव्या खात्याला लागणारे क्रमांक; ते वाटणे हाही त्या पाचांपैकी एक रोल) ५००-५०० च्या गठ्ठ्याने मिळतात, हातातला गठ्ठा संपला की नवीन खाते बनणार नाही.

सर्वांत जास्त त्रास डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) आहे. डीएचसीपीच्या (संगणकांना नेटवर्क सेटिंग्ज वाटणाऱ्या सेवेच्या) ००६ पर्यायात, म्हणजे डीएनएस सर्व्हरच्या यादीत, पहिला पत्ता अजून जुन्याच सर्व्हरचा आहे. त्यावरची डीएनएस सेवा चालू आहे, पण झोन (आमच्या डोमेनमधल्या नावांची यादी) ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या डेटाबेसमध्ये) होता, तो तिच्याबरोबर गेला. त्यामुळे तो सर्व्हर गप्प बसत नाही, 'असे नाव नाही' असे ठाम उत्तर देतो. उत्तर मिळाल्यावर संगणक दुसऱ्या पत्त्याकडे वळतच नाही. सर्व्हर बंद असता तर निदान वळला असता!

पुढील कामे दोन दिवसांत व्हावीत. आधी चालू कंट्रोलरचा सिस्टम स्टेट बॅकअप घ्यावा. शनिवारी तोही घेतला नव्हता. मग 'एनटीडीएसयुटिल'ने पाचही रोल त्याच्याकडे सीझ करावेत (जुन्या सर्व्हरला न विचारता घ्यावेत). जुन्या कंट्रोलरचा मेटाडेटा (डिरेक्टरीत मागे राहिलेली माहिती), साइट्स अँड सर्व्हिसेसमधली नोंद, तसेच डीएनएसमधले एसआरव्ही व एनएस रेकॉर्ड काढावेत. डीएचसीपीतला पत्ता बदलावा आणि नव्या पीडीसीला बाहेरच्या एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवरून वेळ द्यावी, कारण घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमधला ओळख तपासणारा प्रोटोकॉल) लॉगिन नाकारतो.

'डीसीडायग' आणि 'रेपॲडमिन' या तपासणी साधनांचे निर्दोष अहवाल हाती आल्याशिवाय शनिवारच्या कामाचे बिल मंजूर होणार नाही.

आपला,
संगणक विभाग प्रमुख