बूट परत धुवायला लावणाऱ्या आजींचे आभार

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरात, पायवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आजी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई-बाबा पुण्याहून आले होते आणि मला त्यांना कौरीची झाडं दाखवायची घाई. बूट जेमतेम घासून निघालो, तर तुम्ही हाक मारून परत बोलावलंत आणि तळव्याच्या खाचेतला चिमूटभर चिखल दाखवलात. तेवढाही पुरतो, म्हणालात. मातीतून पसरणारा फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव कौरीची मुळं कुजवतो. मग पाणी वर चढत नाही आणि हजार वर्षं जगू शकणारं झाड उभ्या उभ्या वाळतं. खरं सांगतो, तेव्हा मी चिडलो होतो. बाबा मात्र ब्रश हातात घेत म्हणाले, "देवळाबाहेर चपला काढतो, इथे धुवायच्या. इतकंच."

'ते कावेराउ आ माकी' या माओरी जमातीचेही आभार. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी या जंगलावर राहुई, म्हणजे परंपरेने घातलेली प्रवेशबंदी, जाहीर केली. महापालिकेची बंदी आली ती त्यानंतर, २०१८ मध्ये.

आणि शेजारच्या आवारातल्या कौरीला भोकं पाडून फॉस्फाइट या औषधाची इंजेक्शनं देणारे तुम्ही दोघे! रोग त्याने समूळ जात नाही, पण आवरला जातो, हे तुम्हीच समजावलंत. अख्खा शनिवार घालवलात, वर चहाही नको म्हणालात. (आल्याचा होता, बरं का.)

आजी, आमच्या गाडीच्या डिकीत आता कायम एक ब्रश असतो.