आजीच्या शिकेकाईबद्दल आभार

रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या काकांना,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला ठाऊक नाही. उटण्याच्या ऐन गर्दीत येऊन "आजीच्या शिकेकाईसारखा वास येईल अशी शिकेकाई द्या" म्हणणारी बाई कदाचित आठवेल. दुसऱ्या कुणी तयार पाकीट हातात ठेवून मला वाटेला लावलं असतं. तुम्ही विचारलंत, "आजी कुठल्या? उकळून गाळायच्या की नुसती भिजवायच्या? वास मातीसारखा यायचा की कापरासारखा?"

मला धड सांगता येईना, तेव्हा तुम्ही डबेच उघडायला घेतलेत. नागरमोथ्याच्या काळपट, केसाळ गाठी. वाळा. आवळकाठी, तिला म्हणावा असा वासच नाही. मग कपूरकाचरीची चकती मोडून पुढे केलीत आणि मला आमचं न्हाणीघर दिसलं. तांब्याचा बंब, डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून माझं भोकाड, आणि आजीचं "मीट गं डोळे, मीट!" भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांकडे वासाची वर्दी फारसे थांबे न घेता पोचते, असं वाचलं होतं. ते तुमच्या काउंटरपाशी पटलं. मागे चुळबुळणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सुनावलंत ते इथे लिहीत नाही, पण त्याचेही आभार.

नागरमोथा सढळ, गव्हला-कचोरा बेतानं, मेथी मूठभर, हे सगळं तुम्ही पुडीच्या कागदावरच लिहून दिलंत. "कडक ऊन दाखवा आणि पिठाच्या गिरणीत नेऊ नका, शिकेकाई दळणारा वेगळा असतो," हेही बजावलंत. बरं झालं. त्या गिरणीत नाकाला रुमाल बांधूनही शिंकून बेजार झाले.

घरी आईनं डबा उघडून वास घेतला. म्हणाली, "संत्र्याची साल राहिली." मग आजी साली पत्र्यावर कशा वाळत घालायची, माकडं त्या कशा पळवायची, आजी काठी घेऊन कशी धावायची, सगळं निघालं. आजी गेल्यापासून आई तिचा विषय टाळायची. त्या संध्याकाळी स्वयंपाकाला उशीर होईतो बोलत होती. काका, आभार खरे त्याचे आहेत.

आता मावशीलाही हवी आहे. किलोभराचं सामान काढून ठेवाल का? बावची कमी घाला, तिला तो वास उग्र वाटतो. साली आम्ही घरीच वाळवतोय.

तुमची,
शिकेकाईवाली