ठेकेदाराची प्रायव्हसी आणि आमचा पत्ता

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला आणि सकाळी चहाच्या आधीच हे टाइप करायला बसलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डेटा संरक्षण कायद्यामुळे सामान्य माणसाच्या हातात ढाल आली म्हणता, २५० कोटींपर्यंत दंड, संमतीशिवाय कोणी आपली माहिती वापरणार नाही वगैरे वगैरे. छान. फक्त ही ढाल सध्या नेमकी कोणाच्या हातात आहे ते लिहायचं राहिलं, जागा कमी पडली असेल, अर्धं पान गाद्यांची जाहिरात होती.

माझंच सांगतो. आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम झालं आणि पहिल्याच पावसात झाकणं खचली, एका शाळकरी मुलीचा पाय अडकला. दिवाळीनंतर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, दीडशे शब्दांच्या आत बसवून, की ठेकेदार कोण, बिल किती निघालं आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, प्रत द्या. बरोबर २९ व्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे. खाली सही अशी गिरगटलेली की अधिकाऱ्याचं नावसुद्धा वैयक्तिकच असावं.

आता गंमत ऐका. हे उत्तर यायच्या दोन आठवडे आधी तो ठेकेदार स्वतःच घरी येऊन गेला होता! "काका, गटाराचं काम आपलंच," म्हणत सोफ्यावर बसला, हिने बिचारीने चहा दिला, आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला तर माझाच अर्ज. झेरॉक्स. माझी सही, घरचा पत्ता, मोबाईल नंबर, स्टँपच्या जागी काळा चौकोन. "या वयात कशाला दगदग करता, अडचण असेल तर डायरेक्ट मला फोन करायचा ना." खोटं कशाला बोलू, धमकी वगैरे काही दिली नाही, उलट जाताना नातू कितवीत आहे ते विचारलं. तेव्हापासून ही मला संध्याकाळचं एकटं फिरायला जाऊ देत नाही. माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टींचा २०१० साली खून झाला ते आम्ही विसरलेलो नाही. आणि हो, जाताना व्हिजिटिंग कार्ड ठेवून गेला, त्यामुळे ऑफिसच्या मते जे नाव वैयक्तिक आहे ते आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं आहे, कोणीही येऊन वाचावं.

म्हणजे त्याचं नाव मला द्यायचं नाही कारण प्रायव्हसी, आणि माझं नाव-पत्ता-मोबाईल त्याला पोचवायचं, त्याला कुठलं कलम?

आधी माहिती अधिकार कायद्याच्या या ८(१)(ञ) मध्ये अट होती. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा कोणाच्या खासगी आयुष्यात उगाच ढवळाढवळ होत असेल तरच नकार, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असंही लिहिलेलं होतं. नव्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते सगळं कापून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. हे कापाकापीचं कलम लागू झालं १४ नोव्हेंबर २०२५ ला, लगेच. आणि तुम्ही कौतुक केलेली संमती, माहिती पुसून टाकायचा हक्क, त्याला मात्र अठरा महिन्यांची मुदत! सरकार म्हणतं कलम ८(२) शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. असेल, पण ते खिडकीवरच्या बाबूला सांगून बघा, तो अपिलात जा म्हणतो, वीस रुपयांचा स्टँप लावून.

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते, आता ते आठवून हसू येतं. सरकारला तर अधिसूचना काढून आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून सूट देता येते, त्यावर अग्रलेखात अर्धी ओळ. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच टाकून द्या असा आदेश निघाला होता, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतला, तेही तुम्हीच छापलं होतं ना?

जाता जाता अजून एक, राग मानू नका. तुमच्या मिक्सरवाल्या बक्षीस योजनेत हिने रोज कात्रीने कुपन कापून साठ दिवस चिकटवली, फॉर्मवर जन्मतारीख आणि मोबाईल नंबर लिहिला. मिक्सर लागला नाही ते जाऊ दे, पण त्या महिन्यापासून हिला कर्जत-नेरळच्या एनए (बिगरशेती) प्लॉटचे फोन सुरू झालेत, नावानिशी, मॅडम वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून. तो नंबर हिने दुसरीकडे कुठेच दिलेला नाही. ते फॉर्म नंतर कुठे जातात हे तुमच्या वितरण विभागाला विचारून कळवाल का? की तेही ८(१)(ञ)?

पहिलं अपील केलंय, सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे. पत्र छापलंत तर नाव, गाव काही छापू नका. ठेकेदार तुमचाच पेपर घेतो, चहा पिताना सांगत होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार