युरोपचा कचरा आणि मिथेन

संपादक महोदय,

युरोपीय संघात कचऱ्यातून होणारे मिथेनचे उत्सर्जन १९९०च्या तुलनेत बरेच घटले आहे. माझ्या मते याचे मोठे श्रेय कचरा पुरण्याबाबतच्या संघाच्या १९९९च्या निर्देशाला (सदस्य देशांवर बंधनकारक कायद्याला) द्यावे लागेल, कारण कचराभूमीत (कचरा पुरण्याच्या जागेत) जाणारा जैवविघटनशील, म्हणजे कुजणारा, नागरी कचरा १९९५च्या पातळीच्या ३५ टक्क्यांवर आणण्याचे बंधन त्याने सदस्य देशांवर घातले. जर्मनीने तर जून २००५पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा पुरण्यावरच बंदी आणली. तरीही उत्सर्जन एकदम थांबले नाही, कारण पूर्वी पुरलेले अन्न, कागद आणि लाकूड प्राणवायूविना अनेक दशके कुजत राहते आणि त्यातून मिथेन सुटत राहतो; आजच्या आकड्यांत मागच्या पिढीचाही कचरा असतो, हे आकड्यांची तुलना करणारे सोयीस्करपणे विसरतात. २०३५पर्यंत नागरी कचऱ्यापैकी जास्तीत जास्त १० टक्केच पुरण्याचे संघाचे उद्दिष्टही त्यामुळे उशिराच फळेल.

— एक वाचक, पुणे