आदिवासी तरुणांना केवळ खड्डे खणायला बोलावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग एक तक्रारही हमखास ऐकू येते: आदिवासी पाड्यांवरची तरुण मुले अशा कार्यक्रमांकडे फिरकत नाहीत, त्यांना पर्यावरणाची आस्था उरलेली नाही. जव्हार-मोखाडा भागात माझी नोकरीची बहुतेक वर्षे शिक्षक म्हणून गेली. त्या मुलांना जवळून पाहिलेले असल्यामुळे हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा तिथल्या पाड्यांवरचे वारली तरुण-तरुणीही विरोधाला उभे होते, हे आपण इतक्यात विसरू नये.

आधी वेळेचे पाहू. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो, आणि आमच्याकडे नेमकी त्याच सुमारास आवणीची, म्हणजे भातलावणीची घाई असते. राबावर वाढवलेली रोपे वेळेत खाचरात गेली नाहीत तर वर्षाचे भात हातचे जाते, म्हणून घरातला प्रत्येक हात त्या कामाला लागतो. दिवाळीनंतर निसर्ग शिबिरे भरतात, पण तोवर कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि ती परततात थेट मृगाच्या तोंडावर. आवणी आटोपल्यापासून भात कापणीला येईपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात मोकळे असतात, परंतु कार्यक्रमाची तारीख ठरवताना हे पाड्यावर जाऊन विचारलेले मी क्वचितच पाहिले.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मनातून जात नाही. एका माळावर मोठे वृक्षारोपण होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी दोन दिवस खपून खड्डे खणले होते. पाहुणे आले, स्वागताला तारपा नाच झाला, झाडे लागली आणि ही मुले मागे रोपे हातात धरून उभी राहिली. रोपे बहुतेक गुलमोहराची होती. तो मुलगा मला हळूच म्हणाला, "गुरुजी, इथं गुरं चरतात, कुंपण नाही. आणि हे झाड इथलं नाही. हिरडा-बेहडा लावला असता तर तगला असता." मी म्हटले, "मग सांगितलं का नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "मला कोण विचारणार?" पुढच्या उन्हाळ्यात मी त्या वाटेने गेलो, तेव्हा बहुतेक खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उरल्या होत्या.

त्या मुलाच्या घरी जे ज्ञान आहे, ते आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल. पहिल्या पावसाबरोबर उगवणारे शेवळ, ही एक रानभाजी, घशाला खाजते, पण काकडाच्या फळांबरोबर शिजवले की त्याची खाज जाते, हे त्याची आई कुठल्या पुस्तकात शिकलेली नाही. अशाच माहितीसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली, मात्र अनेक ठिकाणी ती बाहेरच्या माणसांनी घाईने भरली. प्रत्येक पाड्यावरची दोन मुले आणि दोन मुली रीतसर मानधन देऊन या कामावर घेतल्या, तर म्हातारी माणसे त्यांना आपल्या वारली किंवा कातकरी बोलीत जे सांगतील, ते परक्याला कधीच सांगणार नाहीत. मानधनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण ज्याचे घर रोजावर चालते त्याला प्रमाणपत्रासाठी दिवस मोडणे परवडत नाही.

हक्काचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूच्या विक्रीचे उत्पन्नही ग्रामसभेच्या हाती आले. तिथला तरुण जंगल राखतो तेव्हा तो स्वतःच्या गावाचे काम करत असतो, त्याला कुणी बाहेरून प्रोत्साहन द्यावे लागत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातही ज्या गावांना असे हक्क मिळाले आहेत, तिथे जंगलाचा आराखडा करताना शिकलेल्या मुलामुलींना ग्रामसभेने पुढे करावे आणि वनखात्याने त्यांना नकाशे, मोजणी व रोपवाटिकेचे प्रशिक्षण द्यावे.

शहरातल्या पर्यावरणप्रेमी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंदाचा कार्यक्रम ठरवण्यापूर्वी त्यांनी एक बैठक पाड्यावर घ्यावी, आणि कोणते झाड, कुठे व केव्हा लावायचे हे तिथल्या तरुणांना ठरवू द्यावे. आपल्या दैनिकानेही उद्घाटनाच्या छायाचित्राबरोबर, मागच्या वर्षी लावलेली किती झाडे जगली हे त्याच मुलांना विचारून छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जि. पालघर